पंधरा आण्यांचा सिनेमा

झाशीतली रेल्वेची मराठी मंडळी सिनेमा आण्यांत मोजत. नवे पैसे येऊन कितीतरी वर्षं झाली होती, बाजारात आण्याला कुणी विचारत नव्हतं, तरी सिनेमा मात्र आठ आणे, दहा आणे, बारा आणे असाच असायचा. सोळा आणे म्हणजे संपूर्ण, आणि ते आजवर कुठल्याच सिनेमाला मिळाले नव्हते. हा न्याय व्हायचा दर रविवारी संध्याकाळी, सिविल लाइंसमध्ये केशवरावांच्या ओट्यावर. केशवराव रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आवाज भारदस्त, मिशी पांढरी. आठवड्यात पाहिलेल्या सिनेमावर जो तो आपलं मत सांगे, आपले आणे सांगे, आणि शेवटी केशवराव घसा खाकरून आकडा जाहीर करत. सोमवारी सकाळी तो आकडा वर्कशॉपच्या फाटकापर्यंत पोचलेला असे.

त्या ओट्यावर सर्वांत कडक जीभ भानुमतीची. ती मूळची झाशीचीच. तिचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. गावातले लोक त्यांना अजून दक्षिणी म्हणत. तिचं मराठी अर्धं बुंदेली होतं. भुसावळ-नागपूरकडून आलेल्या रेल्वेच्या बायका त्याला हसत. "पिक्चर एकदम बकवास निघाला, तीन आणे पण जास्ती आहेत," असं ती म्हणाली की बायका पदर तोंडाला लावायच्या. पण ऐकायच्या सगळ्या. कारण भानुमती नुसतं वाईट म्हणून थांबत नसे. नायकाची आई लोकांची धुणी धुते, मग तिच्या हाताला एक घट्टा कसा नाही, असं ती विचारायची, आणि ज्यांनी सिनेमा पाहून डोळे पुसले होते त्यांना आपल्या रडण्याची लाज वाटायची.

तिचा नवरा विश्वंभर कोपरगावकडचा. नोकरीसाठी झाशीला आला आणि गावाबाहेरच्या एका लहान स्टेशनावर केबिनमन झाला. लिव्हर ओढायचे, रूळ जुळवायचे, सिग्नल पाडायचे, हे त्याचं काम. माणूस अबोल, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नसलेला. त्याच केबिनमध्ये त्याच्या जोडीला रामकृष्ण होता. एकाची ड्यूटी संपली की दुसऱ्याची सुरू. दोघांची घरं रेल्वे कॉलनीत पाठीला पाठ लावून होती. रामकृष्णाला दारूची सवय होती, आणि ही गोष्ट विश्वंभर आणि भानुमती सोडून फारशी कुणाला माहीत नव्हती, कारण रामकृष्ण प्यायला की विश्वंभर त्याची ड्यूटी करायचा.

अशाच एका थंडीत, दाट धुक्याच्या दिवसांत, रामकृष्ण आला नाही. विश्वंभराने आपली ड्यूटी संपवून त्याची सुरू केली. उजाडायच्या सुमाराला थकव्याने त्याचा हात चुकला आणि त्याने भलताच लिव्हर ओढला. येणारी मालगाडी उभ्या मालगाडीच्या मागच्या डब्यावर आदळली. त्या डब्यातल्या गार्डाचा पाय गेला.

चौकशी झाली तेव्हा विश्वंभराने सांगितलं, ड्यूटीची अदलाबदल मीच मागितली होती, रामकृष्णाचा यात काही संबंध नाही. रामकृष्णाच्या घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, बायको बाळंतीण. विश्वंभराची नोकरी गेली, क्वार्टर गेलं. नगरा नावाच्या वस्तीत एक खोली मिळाली. पुढे बिजौलीकडे कारखाने निघाले तसा एका कारखान्याच्या दारावर तो चौकीदार झाला. भानुमतीकडून त्याने शब्द घेतला होता की रामकृष्णाबद्दल ती कुठे अक्षर काढणार नाही. तिने शब्द दिला, आणि तो शब्द तिच्या घशात हाडकासारखा अडकून राहिला.

काही दिवस ती ओट्यावर गेली नाही. मग गेली, मान ताठ ठेवून, आणि पहिल्याच दिवशी एका गाजलेल्या सिनेमाला दोन आणे दिले. लोकांना बरं वाटलं. अपघाताविषयी कुणी बोललं नाही. थकलेल्या माणसाचा हात चुकला, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. विश्वंभर मात्र तिकडे फिरकला नाही.

अशी काही वर्षं गेली आणि तो रेल्वेचा सिनेमा आला.

अख्खी झाशी लोटली त्याला. पडद्यावर इंजिन, पडद्यावर फलाट, पडद्यावर केबिन. रेल्वेतल्या माणसांना आपलं घर दाखवल्यासारखं वाटत होतं. भानुमती दुपारच्या खेळाला गेली, केशवरावांच्या सुनेबरोबर, स्नेहलतेबरोबर. बायकांच्या बाजूला जागा मिळाली. सुरुवातीला भानुमतीलाही मजा वाटली. मग केबिन आलं. केबिनमध्ये एक माणूस, डोळे तारवटलेले, लिव्हरच्या बुडाशी बाटली. त्याने बाटली तोंडाला लावली, झोकांड्या खात लिव्हर ओढला आणि मेलगाडी दुसऱ्या गाडीवर गेली. प्रेतांच्या रांगा लागल्या. नायकाची आई त्यात मेली. शेवटी नायकाने त्या केबिनमनला रुळांवरून पळवत नेलं आणि तो इंजिनाखाली सापडला, तेव्हा थिएटरात टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईने "अच्छा हुआ" म्हणत बोटं मोडली.

भानुमती खुर्चीचा हात धरून बसली होती. दिवे लागले तशी स्नेहलता डोळे पुसत तिच्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्हाला सगळं आठवलं असेल ना?"

"काय आठवायचं?"

"नाही, म्हणजे... भाऊजी तेव्हा घेत असत ना, असं ऐकलं होतं."

"कुणाकडून ऐकलं?"

स्नेहलतेला ते सांगता येईना. ती आठवू लागली, खरंच आठवू लागली, आणि तिला कुणाचंच नाव सापडेना. बरेच लोक म्हणायचे, एवढं बोलून ती चप्पल शोधायला वाकली. हीच स्नेहलता नवी नवरी असताना आजारी पडली होती, तेव्हा विश्वंभराने सायकलवर जाऊन डॉक्टर आणला होता. भानुमती उठून बाहेर पडली. टांग्याची वाट न बघता ती भर उन्हात नगऱ्यापर्यंत चालत आली. तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि ती उन्हाची नव्हती.

पुढचे काही दिवस तिला तेच ऐकू येत राहिलं. कुणी तोंडावर म्हणत नव्हतं. पण किराणावाला पुडी बांधताना विचारी, भैयाजी आता कसे आहेत, आता घेत नाहीत ना? नळावरची बाई म्हणे, बरं केलंत, सुधारलंत त्यांना. ज्यांनी विश्वंभराच्या केबिनमध्ये त्याच्या हातचा चहा प्यायला होता, तेही आता मान हलवून सांगत की हो, थोडा वास यायचा खरा. खोटं बोलतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. सिनेमातली बाटली त्यांच्या आठवणीत जाऊन बसली होती आणि आता ती तिथून हलणार नव्हती.

मग एक दिवस दुर्गा शाळेतून आली. भानुमतीची ही एकुलती मुलगी, बारा-तेरा वर्षांची. आईचं मराठी तिला सगळं समजे, पण उत्तर ती हिंदीत देई. दप्तर न ठेवता ती दारातच उभी राहिली.

"आई, पापा पीते थे क्या?"

भानुमतीने पोरीच्या खांद्याला धरलं ते इतकं जोरात की दुर्गा कळवळली. नाही, असं तिने सांगितलं. कधीच नाही. मग पोरीने विचारलं की पापा पीत नव्हते, तर सगळे का म्हणतात? या प्रश्नाचं खरं उत्तर भानुमतीपाशी होतं. ते तिने नवऱ्याला दिलेल्या शब्दाखाली दाबून ठेवलं होतं. ती वळली आणि चुलीपाशी जाऊन बसली.

विश्वंभर कामावरून आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं. तो हातपाय धूत होता. लोकांचं काय मनावर घ्यायचं, चार दिवस सिनेमा आहे, चार दिवसांनी जाईल, असं तो म्हणाला. त्याचा तो शांत स्वर ऐकून तिच्या अंगाचा भडका उडाला. गार्डाचा पाय गेला त्याचं दुःख तो अजून बाळगून होता, वर्षातून एकदा त्या गार्डाला भेटायला जात होता, हे तिला ठाऊक होतं. त्या दुःखाशी तिचं भांडण नव्हतं. पण आपली चूक होती म्हणून दुसऱ्याचं पापही आपल्याच अंगावर पांघरून बसायचं, हे तिला आता सोसवेना. तुम्हाला चांगलं म्हणवून घ्यायची हौस आहे आणि तिचं भाडं माझी मुलगी भरते आहे, असं ती बोलून गेली. विश्वंभर त्या दिवशी जेवला नाही. तिनेही ताट झाकून ठेवलं नाही.

रविवारी ती ओट्यावर गेली. मंडळी भरपूर जमली होती, कारण विषय त्या सिनेमाचाच होता. कुणी गाण्यांविषयी बोललं, कुणी गाड्यांची टक्कर किती खरी वाटते यावर. मग रामकृष्ण उठला. हा रामकृष्ण आता केबिनमधून वर चढून स्टेशनाच्या ऑफिसात आला होता, अंगावर कडक इस्त्रीचा सदरा होता. तो म्हणाला, केबिनमनचं काम करणाऱ्या नटाने कमाल केली आहे, दारुड्या माणसाचा हात कसा थरथरतो ते अगदी हुबेहूब दाखवलं आहे. चौदा आणे, त्याने सांगितलं. त्याने भानुमतीकडे पाहिलं नाही.

केशवरावांनी घसा खाकरला. सिनेमा नुसती करमणूक नसतो, तो समाजाला आरसा दाखवतो, वगैरे त्यांचं नेहमीचं बोलून झालं. मग ते म्हणाले की आपण झाशीकरांनी तर हे जवळून पाहिलं आहे, व्यसनापायी काय होतं ते. आणि त्यांनी आकडा जाहीर केला. पंधरा आणे. इतके आणे त्या ओट्यावर फार क्वचित मिळत. लोकांनी माना डोलावल्या.

"माझे आणे कुणी विचारले नाहीत," भानुमती म्हणाली.

केशवराव कसनुसं हसले. भानुमतीबाईंना यात संकोच वाटेल म्हणून नाही विचारलं, असं काहीसं ते पुटपुटले.

"मला कशाचा संकोच, काकाजी? जवळून काय पाहिलंत तुम्ही, ते सांगा. माझ्या नवऱ्याच्या हातात बाटली पाहिली होती?"

ती केशवरावांवरून नजर काढून रामकृष्णाकडे वळली. ओट्यावरची सगळी माणसं तिच्या नजरेमागून तिकडे पाहू लागली.

"भावजी, तुम्ही त्यांच्या जोडीला होतात. तुम्ही सांगा. ते पीत होते का?"

रामकृष्णाच्या कपाळावर घाम आला. त्याने रुमाल काढला आणि तो हातातच राहिला. उभं राहून तो म्हणाला, "नाही. विश्वंभर पीत नव्हता." आणि खाली बसला.

एवढंच. केशवराव गडबडीने म्हणाले की चला, गैरसमज दूर झाला, छान झालं, आणि दुसऱ्या एका सिनेमाचा विषय काढला. भानुमती त्या दुसऱ्या सिनेमाचे आणे ठरेपर्यंत तिथेच उभी होती. मग कुणाचा निरोप न घेता निघाली. रामकृष्णाने अर्धं सांगितलं होतं आणि उरलेलं अर्धं खिशात घालून तो बसला होता. न सांगता बसला असता तर कदाचित तिचा राग इतका पेटला नसता.

त्याच आठवड्यात एका दुपारी रामकृष्ण नगऱ्यात त्यांच्या खोलीवर आला. विश्वंभराची सुट्टी होती. भानुमती गहू निवडत होती. तिने पाहुण्याला बसा म्हटलं नाही आणि चहा टाकायला उठलीही नाही. विश्वंभरानेच उठून स्टोव्ह पेटवला, कपबश्या शोधल्या. रामकृष्ण जमिनीकडे बघत बोलत होता. सिनेमा पाहिल्यापासून झोप नाही, म्हणाला. ओट्यावर आपण गप्प बसलो तर लोक ओळखतील या भीतीने त्या नटाचं कौतुक केलं, म्हणाला. अपघातानंतर त्याने दारूला स्पर्श केला नव्हता, तेही त्याने सांगितलं.

"वहिनी, मला माफ करा."

"मला सांगून काय होणार आहे?" भानुमती सुपातल्या गव्हांवरून नजर न काढता म्हणाली. "मला पहिल्यापासून माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. ओट्यावर जाऊन सांगा."

विश्वंभर मध्ये पडला. आता एवढ्या वर्षांनी कशाला, त्याचीही मुलं मोठी होत आहेत, त्याची नोकरी आहे. तो आणखी काही बोलणार तोच भानुमतीने सूप बाजूला आपटलं. गहू खोलीभर उडाले.

"अहो, त्याला मुलं आहेत आणि तुम्हाला कोण आहे? ही दुर्गा कुणाची?"

परक्या माणसासमोर ती नवऱ्यावर कधी ओरडली नव्हती. विश्वंभर हातात कप घेऊन उभा राहिला. दुर्गा दाराआड सगळं ऐकत होती हे तिघांनाही तेव्हाच कळलं. मग विश्वंभराने कप रामकृष्णापुढे ठेवला आणि म्हणाला, "मी तुला बांधून ठेवलेलं नाही, रामकृष्ण. तुला काय करायचं ते कर." रामकृष्णाने चहा तसाच सोडला आणि तो निघून गेला.

पुढच्या रविवारी तो ओट्यावर आला नाही. भानुमती गेली होती आणि शेवटपर्यंत बसली. त्यानंतरच्या रविवारी तो आला, दाढी वाढलेली, आणि बरोबर बायकोला घेऊन. सिनेमांच्या गोष्टी सुरू व्हायच्या आधीच तो उभा राहिला आणि त्याने सांगून टाकलं. बाटली होती ती माझी होती. पण ती केबिनमध्ये नव्हती, माझ्या घरी होती, आणि मी तिच्यापाशी पडलो होतो म्हणून विश्वंभर माझी ड्यूटी करत होता. हे सांगताना तो मध्येच हिंदीत गेला आणि मग हिंदीतच बोलत राहिला. त्याच्या बायकोने पदराने तोंड झाकून घेतलं होतं. ती रडत होती, पण तिने त्याला थांबवलं नाही.

केशवराव गोंधळले. आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेला माणूस. समोर आलेल्या प्रकरणाचा काहीतरी निकाल लावल्याशिवाय त्यांना राहवेना. ते म्हणाले की मग असं असेल तर आपण त्या सिनेमाचे आणे कमी करू. बारा करू. दहा म्हणा हवं तर.

त्यावर भानुमती जे बोलली ते पुढे कितीतरी वर्षं कॉलनीत सांगितलं जात होतं.

"सिनेमाचे आणे कमी करून काय होणार, काकाजी? तो सिनेमा बनवणाऱ्याने माझ्या नवऱ्याला कधी पाहिलं नव्हतं. तो काही पण दाखवेल. तुम्ही तर पाहिलं होतं. तुमच्या घरच्या लग्नात त्यांनी पंक्ती वाढल्या, तुमच्या सुनेसाठी डॉक्टर आणला. पडद्यावर एक दारुडा दिसला आणि तुम्ही सगळे विसरलात. मी त्या सिनेमाला शून्य देत नाही. शून्य तुम्हाला देते आहे. सगळ्यांना."

ती हे मोठ्याने बोलली नाही. पण तिचा आवाज इतका धारदार होता की ओट्याखाली उभे असलेले लोकही आपल्या पायांकडे बघू लागले.

सिनेमा त्याच आठवड्यात उतरला आणि पुढे ग्वाल्हेरला गेला. झाशीत लोकांचं वागणं हळूहळू सुधारलं. काही जण येऊन भेटले. स्नेहलता आली, भानुमतीचे हात धरून रडली. भानुमतीने तिला पाणी दिलं, पण असू दे, झालं गेलं, असं काही म्हटलं नाही. किराणावाल्याला मात्र पटलं नाही ते नाहीच. तो तिच्या मागे अजून तेच सांगायचा, असं दुर्गा येऊन सांगे. रामकृष्णाने वर्षाच्या आत बीना स्टेशनावर बदली मागून घेतली. विश्वंभर त्यांना पोचवायला स्टेशनावर गेला, सामान चढवून आला. भानुमती गेली नाही. रामकृष्णाच्या बायकोने तिच्यासाठी जाताना एक साडी ठेवली होती, ती तिने बोहारणीला देऊन टाकली. नवऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाली, मला तिचा राग नाही, पण त्या घरचं काही अंगावर घालवत नाही.

एक बदल झाला तो तिच्या ध्यानीमनी नसलेला. विश्वंभर तिच्याबरोबर सिनेमाला येऊ लागला आणि रविवारी ओट्यावरही. केशवराव त्याला आदराने पुढे बसवत. त्याला विचारलं की तो थोडा विचार करून सांगायचा, बारा आणे. मारामारीचा असो, भुताचा असो, रडका असो, बारा आणे. त्याला सगळेच सिनेमे आवडत. सगळ्यांनी मेहनत केलेली दिसते, असं त्याचं म्हणणं. भानुमती त्याच सिनेमाला तीन आणे देई आणि सिविल लाइंसपासून नगऱ्यापर्यंत येताना त्याला विचारत राही की त्या नायिकेचं पोर शेवटी गेलं कुठे, ते तरी तुम्हाला कळलं का? विश्वंभर म्हणे, असेल कुठेतरी, आजोळी गेलं असेल. मग ती इतकी संतापे की दोन पावलं पुढे जाऊन चालू लागे, आणि तो आपला मागून सावकाश येत राही.